दुसऱ्या खेपेचे उंदीर

फैयाजच्या शेडवर दीपा पहिल्यांदा गेली ती वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून. शहाण्णव सालचा डिसेंबर होता. रंगनाथ भिंगारदिवे एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं मेकॅनिक होते. नगरमध्ये कुणाच्या हातात काय कसब आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांची ही धाकटी मुलगी फार्मसी कॉलेजात शिकवत होती आणि शिकवता शिकवता पीएचडी करत होती. तिला एक यंत्र हवं होतं. ते परदेशातून मागवायचं म्हणून तिच्या सरांनी दोन वर्षं नुसते कागद फिरवले होते.

"दीपे, तुझं यंत्र नागापूरला होईल," रंगनाथ म्हणाले. "डिझेल पंपवाला आहे एक. कोल्हारचा. फैयाज."

एमआयडीसीच्या मागच्या रस्त्याला पत्र्याची शेड होती. बाहेर दोन ट्रॅक्टर, आत टेबलावर उघडून ठेवलेले पंप आणि रॉकेलच्या तसराळ्यात बुडवलेले नॉझल. फैयाज पस्तिशीचा, हाडकुळा. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. कॉटन वेस्टला हात पुसत त्यानं तिला स्टूल दिलं आणि विचारलं, "काय बारीक करायचंय, मॅडम?"

"अंड्यातलं पांढरं," दीपा म्हणाली. "तेलात फोडून. धुक्यासारखं."

तो हसला नाही. हसेल अशी तिला भीती होती. म्हणून मग तिनं सगळंच सांगितलं. सदाफुलीच्या पानांत कॅन्सरवरचं औषध असतं. ते काही नवीन नाही, जगभरच्या दवाखान्यांत वापरतात. पण शिरेतून दिलं की ते अंगभर हिंडतं. गाठ मारतं, तसंच हाडांच्या मगजात तयार होणारं रक्तही मारतं, आतडी सोलून काढतं, केस नेतं, पायांना मुंग्या आणतं. दीपाला ते औषध अंड्यातल्या पांढऱ्याच्या कणांत कोंडायचं होतं. कण इतके बारीक, की रक्तात कुठं अडकू नयेत. त्यांना नॅनोपार्टिकल म्हणतात. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईनं वाढलेल्या असतात, जागोजागी झिरपतात. कण तिथून बाहेर पडले तर गाठीतच साचतील आणि बाकीचं शरीर वाचेल.

फैयाजनं क्षणभर विचार केला. "म्हंजे कच्च्या जोडाची पाइपलाइन. पक्क्या पाइपातनं कन भाईर येनार न्हाई, कच्च्यातनं येईल."

"हो!" दीपा जवळजवळ ओरडलीच. कॉलेजात हे समजवायला तिला अर्धा अर्धा तास लागायचा, आणि तरी समोरचा जांभई द्यायचा.

"किती बारीक?"

"पाव मायक्रॉन."

या माणसाला मायक्रॉन समजावून सांगावा लागला नाही. डिझेल पंपाचा दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते आणि ती त्याच्या बोटांना कळत होती. पण पाव त्याच्याही बोटांच्या पलीकडचा होता. मग टेबलावरचा एक नॉझल उचलून त्यानं उजेडाकडे धरला.

"डिझेलचं धुकं ह्योच करतो," तो म्हणाला. "प्रेशर वाढवून बघू."

पुढचे तीन महिने दीपा आठवड्यातून दोनदा लुनावरून नागापूरला जात होती. फैयाजनं जुन्या पंपाला हायड्रॉलिक जॅक जोडला, नॉझलची छिद्रं बंद करून त्यांच्या जागी एक चीर पाडली. अंड्याचं पांढरं आणि अर्क सरकीच्या तेलात घुसळून त्या चिरेतून दाबानं मारायचं, पुन्हा मारायचं, असं बारा वेळा. मग तेल तापवायचं म्हणजे पांढरं घट्ट होऊन कण पक्के होतात. शेवटी इथरनं तेल धुऊन काढायचं. हे सगळं आधी नुसत्या अंड्यावर, अर्क न घालता, शेडमध्येच करून बघितलं. फैयाज प्रत्येक पायरीला प्रश्न विचारायचा आणि दीपा सांगायची. खरं तर तो न विचारताही ती सांगत असे. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिचं काम कान देऊन ऐकत होतं, आणि त्याचं तिला व्यसन लागलं होतं.

मार्चमध्ये पुण्याहून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोटो आला. काळ्या पडद्यावर गोल गोल पांढरे दाणे. फैयाजनं तो फोटो बराच वेळ हातात धरला आणि परत देताना कडेला लागलेला तेलाचा डाग शर्टाला पुसला.

मग उंदीर आले. गाठ रुजवलेले आठ उंदीर पुण्याहून खोक्यांतून आले, आणि दीपानं त्यांच्या शेपटीच्या शिरेतून कण दिले. तीन आठवड्यांत आठांपैकी सहांच्या गाठी अर्ध्यावर आल्या. एकही मेला नाही. दीपा पेढ्यांचा पुडा घेऊन थेट नागापूरला गेली.

"सहा!" ती दारातूनच म्हणाली. "फैयाजभाई, सहा!"

त्याच्या बायकोनं, तमन्नानं, सगळ्यांना पेढे वाटले. शेजारच्या वेल्डिंगच्या शेडवरही दिले. गडबड ओसरल्यावर फैयाज खाली बघत म्हणाला, "मॅडम, एक इच्यारायचं हुतं. आमच्या अम्मीच्या छातीत गाठ हाय. लिंबायेवढी. कवाची हाय ते सांगत न्हाई."

दीपाच्या हातातला पेढा तसाच राहिला. "उद्याच पुण्याला न्या," ती म्हणाली. "उद्याच. मी चिठ्ठी देते."

फैयाजनं कोल्हारहून आईला आणलं आणि पुण्याला नेलं. सरवरीबींचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पण काखेतही कॅन्सरचे दाणे सापडले होते. डॉक्टरांनी इंजेक्शनांचे सहा कोर्स सांगितले.

इथपर्यंत सगळं सरळ होतं.

मे महिन्यात दुसऱ्या खेपेचे बारा उंदीर आले, शिवाय औषध न देता तुलनेसाठी ठेवायचे वेगळे चार. दीपानं डोस थोडा वाढवला. निबंधासाठी तसं करणं गरजेचंच होतं. तिसऱ्या दिवशी उंदरांनी खाणं सोडलं. पाचव्या दिवशी चार मेले, आठव्या दिवसापर्यंत नऊ. दीपानं त्यांना उघडून पाहिलं. यकृतं सुजून पिवळी पडली होती. कण गाठीत थोडे आणि यकृतात मणभर साचले होते. दोघांच्या फुप्फुसांत तर कणांचे गठ्ठे अडकले होते, म्हणजे सगळे कण सारखे बारीकही झालेले नव्हते. पुण्याच्या फोटोत जे दिसलं होतं ते फोटोपुरतंच होतं.

ती वही घेऊन तिच्या मार्गदर्शकांकडे, निमसे सरांकडे गेली. सरांनी चष्मा वर करून पानं चाळली.

"मे महिना आहे," ते म्हणाले. "उंदरांच्या खोलीत पंखा तरी चालतो का? उन्हानं मेले असतील."

"सर, औषध न दिलेले चार उंदीर त्याच खोलीत आहेत. ते जिवंत आहेत."

"मग पुन्हा कर. ऑगस्टमध्ये परिषद आहे, पहिल्या खेपेवर निबंध जाऊ दे. हे आत्ता कुठं बोलू नकोस. अपुरं काम बाहेर बोलायचं नसतं."

दीपानं मान हलवली. सरांचं म्हणणं तिला पटलं नव्हतं. पण गप्प बसायला ते सोयीचं होतं, आणि हे तिचं तिला तेव्हाही कळत होतं. आठवड्यातून दोनदा होणारी तिची नागापूरची फेरी त्यानंतर बंद झाली.

जूनमध्ये नगरच्या एसटी स्टँडवर फैयाज अचानक समोर आला. खांद्याला पिशवी, पिशवीत पुण्याच्या दवाखान्याचे कागद.

"अम्मी कशा आहेत?"

"येक कोर्स झाला. केस गेले सारे. आठ दिस वांत्या. म्हनती, परत न्यायचं तर मला कब्रस्तानात न्या." त्यानं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "आपले उंदीर कसे हायेत? दुसरे आले हुते ना?"

कोल्हारच्या गाडीची घोषणा झाली. लोक धावले. दीपा म्हणाली, "चाललंय. बरं चाललंय."

ती तीन शब्द बोलली आणि गाडीत बसताना त्यानं हात केला, तिनंही केला.

जुलैत तो कॉलेजात आला. धुतलेला शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. प्रयोगशाळेत शिरताना त्यानं चपला बाहेर काढल्या. स्वतः बनवलेल्या यंत्राकडे त्यानं नजरही टाकली नाही.

"मॅडम, अम्मी दुसऱ्या कोर्साला यायला तयार न्हाई. लई समजावलं. भावानं समजावलं, मौलानांनी समजावलं. मला वाटलं, आपलं औषध..." तो थांबला. "आपलं औषध गाठीतच जातं. केस न्हाई, वांत्या न्हाई."

"फैयाजभाई, ते माणसाला देता येत नाही."

"का?"

दीपानं कारणं सांगितली. सरकारी परवानगी लागते. आधी उंदीर, मग मोठे प्राणी, मग धडधाकट माणसं, मग पेशंट. दहा वर्षं जातात. तिची नोकरी जाईल, सर तुरुंगात जातील. एकेक कारण खरं होतं. त्यानं ती सगळी मान खाली घालून ऐकली. पण बारातले नऊ मेले, हे एक कारण तिनं सांगितलं नाही. ते सांगायचं तर स्टँडवर आपण खोटं बोललो हेही सांगावं लागलं असतं. समोरचा माणूस तिच्याकडे ज्या नजरेनं बघत होता, ती नजर तिला गमवायची नव्हती.

"म्हंजे कायद्याची अडचन हाय," तो शेवटी म्हणाला.

"अम्मींना पुण्याला न्या. काहीही करून न्या."

"बरं," फैयाज म्हणाला आणि चपला घालून गेला.

ऑगस्टमध्ये निमसे सरांनी परिषदेत निबंध वाचला. टाळ्या मिळाल्या. त्यानंतर पंधरा दिवसांनी भर दुपारी तमन्ना कॉलेजच्या फाटकाशी उभी होती. तिनं दीपाचा हातच धरला.

"अम्मीला दवाखान्यात ठेवलंय. इथंच, नगरला. ताप उतरत न्हाई, तोंडात सगळे फोड. डॉक्टर इचारतेत काय दिलं, काय दिलं. हे काय बोलतच न्हाईत. भिंतीकडं तोंड करून बसलेत."

"काय दिलं होतं?"

"तुमी शेडवर चला, मॅडम. मला काय कळतंय त्यातलं."

शेडचं कुलूप तमन्नानं काढलं. आत पोत्यांवर सदाफुली वाळत घातली होती. पानं, मुळं, सगळं एकत्र. पांढरी, गुलाबी फुलं तशीच सुकून चिकटलेली. कोपऱ्यात अंड्यांचे ट्रे. आणि टेबलाच्या टोकाला यंत्र.

दीपाचं यंत्र कॉलेजात होतं. हे दुसरं होतं, आणि तिच्या यंत्रापेक्षा चांगलं होतं. चीर आणखी अरुंद होती. जॅकच्या जागी मोटर बसवली होती. दाब दाखवणारं घड्याळ होतं. फळीवर औषधाच्या जुन्या बाटल्या रांगेनं उभ्या होत्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर सुबक अक्षरात तारीख आणि 'सकाळ' किंवा 'संध्याकाळ'. पहिली तारीख होती जुलैची. तो कॉलेजात येऊन गेला त्याच्या चौथ्या दिवसाची.

तिनं एक बाटली उघडून वास घेतला. तेलकट, कुबट. इथरनं धुतलेलं नव्हतं. इथर त्याला कुठून मिळणार? अर्कही दीपासारखा गाळून, वेगळा करून घेतलेला नव्हता. किलोभर पानांतून तिला चिमटीभर औषध मिळायचं आणि त्या चिमटीचंही ती वजन करायची. यानं स्पिरिटमध्ये सगळा पाला कुजवला होता. बाटलीत किती औषध आहे, शंभरपट की शंभरावा हिस्सा, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

"रोज दोन चमचे," तमन्ना म्हणाली. "रविवारी कोल्हारला घेऊन जायचे. म्हनायचे, सुईपेक्षा तोंडानं दिलेलं सौम्य."

दीपानं बाटली पदरात गुंडाळली आणि दोघी दवाखान्यात आल्या.

डॉक्टर तरुण होते आणि भडकलेले होते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आठशेवर आल्या होत्या. चार हजारांच्या वर असायला हव्यात. "पुण्याच्या इंजेक्शनाला तीन महिने झाले, त्याचा हा परिणाम नाही," ते म्हणाले. "काहीतरी झाडपाला दिलाय. सांगत नाहीत. न सांगता मी काय उपचार करू?"

फैयाज बाकावर बसला होता. त्यानं दीपाला पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

दीपानं बाटली टेबलावर ठेवली. "सदाफुली आहे," ती म्हणाली. "पानं आणि मुळं, स्पिरिटमधला अर्क, अंड्यात आणि तेलात. पाच आठवडे, दिवसातून दोनदा. त्यात कॅन्सरवरचं विन्ब्लास्टीन असणार, विन्क्रिस्टीनही असेल. मात्रा माहीत नाही."

डॉक्टरांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुम्ही कोण?"

"मी यावर काम करते. कृती माझी आहे."

"आणि हे तुम्ही पेशंटला दिलंत?"

"मी दिलं," फैयाज भिंतीकडं बघतच म्हणाला. "त्यांनी न्हाई. त्यांनी नको म्हनलं हुतं."

डॉक्टरांनी आणखी चार प्रश्न विचारले, भराभर लिहून घेतलं आणि नर्सला हाक मारली. सरवरीबींना वेगळ्या खोलीत हलवलं, अँटिबायोटिक बदललं, रक्त मागवलं. काय आहे ते कळल्यावर काम मार्गी लागलं. पण वाचतील का, हे त्यांनी सांगितलं नाही.

संध्याकाळच्या आत दीपानं फैयाजला दवाखान्याच्या आवारात गाठलं. पाण्याच्या टाकीपाशी तो तोंड धूत होता.

"फैयाजभाई, एक सांगायचं राहिलंय."

त्यानं तोंड पुसलं.

"मे महिन्यात दुसऱ्या खेपेचे बारा उंदीर आले होते. त्यातले नऊ मेले. आठ दिवसांत. यकृत खराब होऊन."

नळ थेंब थेंब गळत होता. त्यानं वाकून तो घट्ट बंद केला, हाताची सवय होती ती.

"म्हंजे मी कालेजात आलो तवा..."

"माहीत होतं."

"इष्टँडवर मी इच्यारलं हुतं."

"हो."

"तुमी म्हनलात, बरं चाललंय."

सरांचं नाव पुढं करावं असं क्षणभर दीपाच्या मनात आलं, आणि त्या विचाराचीच तिला किळस आली. "मला लाज वाटली होती," ती म्हणाली. "तुम्हाला पेढे दिले होते ना."

"मला वाटलं, कायदा आडवा येतो," फैयाज म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. "कायदा न्हाई मानला मी. औषध चांगलं हाय, कागद न्हाईत, येवढंच वाटलं. उंदीर मेलेत म्हनला असता तर मी अम्मीला हात लावला असता का? येक नॉझल फेल गेला तर आमी गिऱ्हाइकाला सांगतो, मॅडम. ट्रॅक्टरच्या गिऱ्हाइकाला."

तो आत निघून गेला. दीपा तिथंच टाकीच्या कट्ट्यावर बसली. रंगनाथ तिला न्यायला आले तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही, पण घरी पोचेपर्यंत स्कूटर नेहमीपेक्षा हळू चालवली.

सरवरीबी वाचल्या. अकराव्या दिवशी ताप उतरला, पेशी तीन हजारांवर आल्या. दीपा रोज जात होती. फैयाज असेल तर ती बाहेर थांबायची, तो गेला की आत जायची. एकदा सरवरीबींनीच तिला खुणेनं जवळ बोलावलं. तोंडातले फोड बसले होते. डोक्यावर ओढणी, ओढणीखाली नुकते उगवलेले पांढरे केस.

"डॉक्टर म्हनतो, येवढं इख पोटात गेल्यावर मानूस उरत न्हाई," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "त्याला काय ठावं. मी अर्धं पीतच न्हव्हते, पोरी."

"म्हणजे?"

"सकाळचं प्यायचे, फैयाजच्या नावानं. संध्याकाळचं मोरीत वतायचे. लई घान वास. सडक्या अंड्याचा." त्या थोडं हसल्या आणि हसताना ओठ चिरला. "पोटात कळा यायच्या तवाच समजले, हे काय बराबर न्हाई. पर पोरगं रविवारी येस्टीनं बाटल्या घेऊन यायचं. रिकामी बाटली बघून त्याचं तोंड असं व्हायचं की... नको कसं म्हनू?"

दीपाला हसावं की रडावं कळेना. ज्याच्या नजरेसाठी तिनं तोंड मिटलं होतं, त्याच्याच चेहऱ्यासाठी या बाईनं विष घेतलं होतं. तेही अर्धंच, म्हणून त्या इथं बोलत होत्या.

"फैयाजला सांगू नको," सरवरीबी म्हणाल्या. "म्हनंल, अम्मीचा भरवसा न्हव्हता."

"नाही सांगणार," दीपा म्हणाली. बोलून गेल्यावर तिला एसटी स्टँड आठवला. पण शब्द दिला होता.

"आनी पुन्याला जाते म्हनावं. हे पिन्यापेक्षा सुई बरी."

त्या खरंच गेल्या. उरलेले पाच कोर्स त्यांनी पुरे केले, दरवेळी आठ दिवस शिव्या देत. पहिल्या आणि दुसऱ्या कोर्सच्या दरम्यान चार महिने मोडले होते. त्या चार महिन्यांनी किती बिघडवलं, हे पुण्याचे डॉक्टरही सांगू शकले नाहीत.

कॉलेजात दीपानं पीएचडीच्या प्रबंधात दुसऱ्या खेपेचं सगळं लिहून काढलं. फुप्फुसातले गठ्ठे, यकृतं, तारखा. निमसे सरांनी ते प्रकरण गाळायला सांगितलं, तिनं नकार दिला. तेव्हा त्यांनी मार्गदर्शक म्हणून सही करायला नकार दिला. दुसरा मार्गदर्शक मिळायला पुण्यात दीड वर्ष गेलं. शेडमधल्या प्रकाराची कुणकुण कॉलेजात लागलीच होती. प्राचार्यांनी तिला बोलावून लेखी खुलासा घेतला आणि प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. दीपा पहिल्या वर्षाच्या मुलांना औषधांची वजनमापं शिकवत राहिली. नागापूरला ती गेली नाही, आणि फैयाजही कॉलेजात आला नाही. रंगनाथ मधूनमधून सांगायचे, शेड चालू आहे, माणूस बोलतो कमी.

नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत तमन्नाचा निरोप आला. सरवरीबी गेल्या होत्या. आजार पाठीच्या हाडात उतरला होता.

दीपा चौथ्या दिवशी मनमाडच्या गाडीनं कोल्हारला गेली. घर नदीकडच्या अंगाला होतं. अंगणात सतरंजीवर पुरुष बसले होते. तिला पाहून फैयाज उठला आणि ओसरीच्या कडेला आला. डोक्यावर टोपी, दाढी वाढलेली. दीड वर्षात तो तिच्याशी पहिल्यांदा बोलत होता.

"शेवटच्या महिन्यात अम्मी लई बोलायची," तो म्हणाला. "गोळ्यांच्या गुंगीत. म्हनाली, संध्याकाळचं औषध मोरीत वतत हुते." त्यानं दीपाकडं बघितलं. "तुमाला म्हाईत हुतं?"

"हो. दवाखान्यात सांगितलं होतं त्यांनी. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या होत्या."

"आनी तुमी न्हाई सांगितलं."

"नाही."

आतून बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता. फैयाजनं ओसरीच्या खांबाला पाठ टेकली.

"दीड साल मी हिशेब करत हुतो," तो म्हणाला. "किती चमचे दिले, किती दिस. रोजचे दोन. मनातल्या मनात दोन. येकच पोटात जात हुता हे कळलं असतं तर..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "तर काय फरक पडला असता, मलाबी म्हाईत न्हाई."

"मी शब्द दिला होता."

"व्हय. ते बी खरं."

तो रागावला आहे का, हे दीपाला ओळखता येईना. तिनं माफी मागायला तोंड उघडलं, पण कशाची माफी मागायची हे तिला ठरवता आलं नाही. उंदरांची मागायची तर ती गोष्ट जुनी झाली होती. आणि या दुसऱ्या गोष्टीत आपलं चुकलं की नाही, हेच तिला कळत नव्हतं.

"आनखी काय हाय का?" फैयाजनं विचारलं. "सांगायचं राहिलेलं?"

दीपा मनात मागं गेली, महिना महिना करत, कोपरान् कोपरा बघत.

"नाही," ती म्हणाली. "आता काही नाही."

फैयाजनं मान हलवली. दारातून तमन्ना बोलावत होती. "आत जा," तो म्हणाला, "बायका आत हायेत," आणि सतरंजीवरच्या माणसांत जाऊन बसला.